साफ केलेला आवाज

“घ्या मावशी, एकदम साफ करून देलं. आता काही कटकट नाई,” दुकानदार म्हणाला आणि कॉम्प्युटरचा डबा टेबलावरून माझ्याकडे सरकवला. डब्यावर आमची काळी डिस्क ठेवली.

“आधी लावून दाखव,” मी म्हटलं. “आवाज ऐकव.”

“कोणता आवाज?”

“माह्या नवऱ्याचा. याच्यात आहे.”

त्याने वायरी जोडल्या. पडद्यावर हिरव्या डोंगराचं चित्र आलं. आमच्या पडद्यावर सहा पिवळे फोल्डर असायचे. त्यांची नावं मी रोज वाचायची: मयत, हरवले, बाजार, वार, वेळ, नावे. आता डोंगर होता आणि कोपऱ्यात दोन-तीन बारकी चित्रं होती. त्याने काळी डिस्क लावली. तीही तशीच.

“भाऊ, आवाज कुठं आहे?”

“तुमीच तं म्हणल्या मावशी, साफ करा. मी इचारलं, दोन्ही साफ करू काय? तुमी म्हणल्या, दोन्ही.”

म्हटलं होतं. मी आयुष्यभर साफ हा शब्द तुरीसाठी आणि घरासाठी वापरला. तूर साफ केली की खडे जातात, तूर राहते. पण रानडुकरांनी वावर साफ केलं असंही आम्ही म्हणतो, आणि तेव्हा वावरात काही राहत नाही. तो अर्थ मला माहीत होता. त्या दिवशी टेबलाशी उभी असताना आठवला नाही.

नवरा बाहेर पायरीवर बसला होता. माझा आवाज चढलेला ऐकून आत आला. दुकानदार त्याच्याकडे वळून म्हणाला, “काका, तुमी तरी बोला. सांगा यायले समजावून.”

“तो बोलत नाई,” मी म्हटलं. “त्याची जीभ काढली आहे. त्याचं बोलणं या डब्यात होतं.”

दुकानदार खाली बसला. नवऱ्याने पिशवीतून पाटी काढली आणि लिहिलं, काय झालं? मी म्हटलं, “गेलं.” त्याने पाटी पुसली नाही. तोच प्रश्न तसाच हातात धरून उभा राहिला.

आम्ही आर्णीचे. नवरा तीस वर्षं ऑटोत माइक घेऊन गावात घोषणा करायचा. कोणाची मयत, कोणाची शेळी हरवली, बाजारात कोणतं दुकान उघडलं, पोलिओचा डोस कोणत्या रविवारी आहे, सगळं त्याच्या तोंडून गावाला कळायचं. लोक त्याला चेहऱ्याने कमी आणि आवाजाने जास्त ओळखत. तोंडात सतत तंबाखू-सुपारीचा खर्रा. मी सांगून थकले. तो म्हणायचा, “गळा मोकळा राह्यते.” मग जिभेच्या कडेला फोड आला, तो भरला नाही, आणि नागपूरच्या डॉक्टरने सांगितलं की जीभ काढावी लागेल. गिळता येईल, बोलता येणार नाही. तारीख पंधरा दिवसांनी दिली.

“मंग मी काय करू? हात हालवत फिरू काय गावात?” तो मुलीला म्हणाला.

मुलगी यवतमाळला राहते, लोहाऱ्याच्या एका कारखान्यात ऑफिसचं काम करते. तिथला जुना कॉम्प्युटर तिने घरी आणला आणि बापाला म्हणाली, “बाबा, बोलून ठेवा. सगळं बोलून ठेवा. आपण मंग जोडू.”

पंधरा दिवस तो बोलत होता. ‘कळविण्यात अत्यंत दुःख होते की’ एक तुकडा. ‘यांचे आज दुःखद निधन झाले’ दुसरा. ‘अंत्ययात्रा राहत्या घरून’ तिसरा. मग एक ते बारा आकडे. सव्वा, साडे, पावणे वेगळे घेतले. दीड आणि अडीच स्वतंत्र घ्यावे लागले, कारण साडेएक कोणी म्हणत नाही. मग वार. मंगळवार बोलताना शेजारचा कोंबडा आरवला. मुलगी म्हणाली पुन्हा घ्या, हा म्हणाला राहू दे, दुखते. त्यामुळे पुढे जो कोणी मंगळवारी मेला त्याच्या घोषणेत कोंबडा असायचा.

शेवटी नावं राहिली. माणसांची नावं कुठून आणायची? त्याने गावची जुनी मतदारयादी मागून आणली आणि घसा बसेपर्यंत वाचली. नाव वेगळं, आडनाव वेगळं. मयतीसाठी जिवंत माणसांची नावं वाचत होता. मी बाजूला तूर निवडत होते. तो थांबला.

“तुह्यं घेऊ काय?”

“सगळ्यायचं घेता तं माह्यं काहून सोडता? मी काय मरणार नाई?”

“मराच लागते तं नीट घेतो,” तो म्हणाला. दोनदा घेतलं. पहिल्यांदा घसा खरखरला होता.

ऑपरेशन झालं. तो वाचला. मुलीने मला तुकडे जोडायला शिकवलं. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही दाराजवळ बसून. इंग्रजी अक्षर येत नाही. पण फोल्डर मराठीत होते आणि हात चालवायला शाळा लागत नाही. कोणी गेलं की घरचे येऊन नाव आणि वेळ सांगत. मी तुकडे ओळीने लावी आणि लाल पेनड्राइव्हवर टाकी. ऑटोवाला तो नेई. नवरा पूर्वीसारखाच ऑटोत पुढे बसे, बंद माइक हातात धरून. वर भोंग्यातून त्याचा आवाज निघे. लोक हात करत, तोही करे. चार वर्षं असं चाललं.

मुलीने कॉम्प्युटर ठेवताना मला एकच गोष्ट बजावली होती. “आई, याच्यात रोग शिरते. शिरला का आवाज खराब होते. रोग दुसऱ्याच्या पेनड्राइव्हमधून येते. लाल सोडून दुसरा लावू देऊ नको. कोणाचाच नाई. आणि लाल पट्टी आली पडद्यावर, तं काही दाबू नको, पेनड्राइव्ह उपटून काढ आणि मले फोन कर.”

रोगावरचं औषध तिने आत टाकलं होतं. महिन्यातून एका रविवारी ती यायची आणि तिच्या फोनवरच्या नेटने त्याला नवा डोस द्यायची. मला ते समजावून सांगावं लागलं नाही. आधी डोस दिला असला तरी या रविवारी पुन्हा द्यायचा, हे वाक्य मी नवऱ्याच्या तोंडून वर्षानुवर्षं ऐकलं होतं. सगळ्या आवाजाची दुसरी प्रत तिने काळ्या डिस्कवर काढली. ती मी डाळीच्या डब्यात ठेवली. लाल पेनड्राइव्हसुद्धा मी दर वेळी आधी रिकामा करायची, मगच नवीन घोषणा टाकायची.

मी नियम पाळले. माणसं पाळू देत नव्हती. कोणी लग्नाचे फोटो पाहायला पेनड्राइव्ह घेऊन येई, कोणी गाणी टाकून मागे. मी उंबरठ्यावरूनच परत पाठवी. ऑटोवाला चेष्टा करी.

“काकू, पेनड्राइव्ह आंघोळ घालून आणू काय?”

“तू आंघोळ करून ये आधी,” मी म्हणे.

चेष्टा फिरत फिरत आमच्या वस्तीत गेली आणि तिथे तिला दुसरा शब्द मिळाला. त्या घरी पेनड्राइव्हची शिवाशिव आहे. हसून म्हणत. मी हसले नाही. माझ्या आईला विहिरीवर वरून पाणी ओतून देत, ओंजळीत. आमच्या घरच्यांनी धम्म घेतला तो याच शब्दातून बाहेर पडायला. आणि माझ्याच वस्तीत तो शब्द माझ्या दाराला लागला. मी ऐकून घेतलं आणि कोणाचाच पेनड्राइव्ह लावला नाही.

मग थोरले दीर गेले. सकाळी. जाऊबाई दुपारच्या आत आमच्याकडे आली, सोबत तीन-चार बाया. हातात पेनड्राइव्ह, निळा. फ्लेक्सच्या दुकानातून आणलेला. आमच्याकडे माणूस गेला की चौकात फोटोचा फ्लेक्स लागतो, त्यासाठी दिरांचा फोटो त्या पेनड्राइव्हवरून दिला होता. त्या दुकानात सगळ्या तालुक्याचे पेनड्राइव्ह येतात.

“याच्यातच घोषणा टाकून दे,” जाऊबाई म्हणाली. “तीन वाजता काढाचं आहे.”

“जाऊबाई, आपला लाल येऊ द्या. ऑटो बाजाराकडे गेली आहे, अर्ध्या घंट्यात येईन.”

“अर्धा घंटा? गाडी उभी आहे दारात. दुसरी आणली मी.”

“हा नाई लावत मी. पोरीनं सांगितलं आहे.”

रडून तिचा चेहरा सुजला होता, पण आवाज मोठा होता.

“काहून वो, मेलेल्या माणसाच्या घरचं तुले चालत नाई काय? सख्खा दीर आहे, तुह्या नवऱ्याचा भाऊ. आपण जल्मभर शिवाशिव भोगली, ते तू आता आमच्यासंगच पाळून राह्यली? बाटते काय तुह्या मशिनले?”

नवरा भावाजवळ बसला होता, घरी नव्हता. मी पेनड्राइव्ह घेतला आणि लावला.

पडद्यावर फोल्डर दिसला, पण त्याच्या कोपऱ्यात वाकडा बाण होता. असा बाण मी पाहिला नव्हता. दाबला. लाल पट्टी आली. तिच्यावर इंग्रजीत काही लिहिलेलं, खाली दोन खटके, वर फुली. उपटून काढायचा होता. मागे बाया उभ्या होत्या. मी फुली दाबली. पट्टी गेली. मग मी दिरांचं नाव शोधलं, आडनाव लावलं, तीन लावलं, वाजता लावलं. दहा मिनिटांत झालं. जाऊबाई पेनड्राइव्ह घेऊन गेली.

नवऱ्याच्या आवाजात त्याच्या भावाची मयत गावभर फिरली. तो भावाच्या पायाशी बसून ऐकत होता. वार मंगळवार नव्हता, कोंबडा आला नाही. घोषणा चांगली झाली. तीच शेवटची.

दुसऱ्या दिवशी सहाही फोल्डरांवर बाण होते. दाबले तर पडदा एकदा लुकलुके आणि काही उघडेना. बंद करून पुन्हा लावला, तसंच. मुलीला फोन करायला हवा होता. तिने जे करू नको म्हटलं तेच मी केलं होतं, म्हणून केला नाही. ती रविवारी येणार होती, त्याआधी नीट करून ठेवू असं वाटलं. मी डाळीच्या डब्यातून काळी डिस्क काढली. तिच्यात तरी आवाज शाबूत आहे का ते पाहायला त्याच कॉम्प्युटरला लावली. आहे, दिसलं. सगळं होतं. बघता बघता तिच्यावरही बाण आले, एकामागून एक. रोगी माणसाच्या खाटेवर मी निरोगी लेकरू नेऊन ठेवलं होतं.

नवऱ्याला सांगितलं. त्याने पाटीवर लिहिलं, दुकानात नेऊ. दोन्ही उचलून आम्ही बसने यवतमाळला गेलो, मुलीला न कळवता. दुकानदाराने पाहिलं आणि म्हणाला, “व्हायरस आहे मावशी. साफ करावं लागन.” मी म्हटलं, करा. पुढचं सांगितलंच आहे.

दुकानदार वाईट माणूस नव्हता. उलट त्याने वरून उपकार केला होता. परत निघताना तो म्हणाला, “जागा रिकामी होती तं दोन्हीत गाणे भरून देले मावशी. बुद्धगीतं, भीमगीतं, पिक्चरचे जुने गाणे. तुमी ऐकता म्हणून.” तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही.

रविवारी मुलगी आली. मी सगळं सांगितलं, फुली दाबली तेही. ती डिस्क घेऊन नागपूरला गेली, गेलेलं परत काढणाऱ्या माणसाकडे. चार दिवसांनी आली.

“आई, त्या रोगानं आवाज खाल्ला नव्हता,” ती म्हणाली. “फक्त झाकून ठेवला होता आणि समोर बाण लावला होता. सगळं आतच होतं. माहितगार माणसानं पाच मिनिटात उघडून देलं असतं.”

“मंग आता?”

“नुसतं पुसलं असतं तरी काही निघालं असतं. त्यानं वरून गाणे भरले. भरलं का खालचं जाते.”

“काहीच नाई?”

तिने फोनवर एक तुकडा लावला. खर्र आवाज, मग ‘पाव’, मग पुन्हा खर्र. पावणे होतं की पावसाळा, तेही कळत नव्हतं.

“मले फोन लावला असता तं म्हटलं असतं, बंद करून ठेव, हात लावू नको,” ती म्हणाली. एवढंच म्हणाली. मग रडली. मी रडले नाही. तिचं बरोबर होतं.

निळ्यावरची दिरांची घोषणा जाऊबाईच्या घरी तोवर पुसली गेली होती. लाल पेनड्राइव्ह ऑटोत राहिला होता, म्हणून वाचला. त्याच्यावर त्या दिवशी बाजाराकडे फिरलेली घोषणा आहे: काळी शेळी, एक कान कापलेला, कोणाला दिसल्यास कळवावे. शेळी दुसऱ्याच दिवशी सापडली. त्याआधीच्या सगळ्या घोषणा मीच पुसून टाकत गेले होते, स्वच्छ राहावं म्हणून. ऑटोवाल्याला मी म्हटलं, कधीमधी हीच लावत जा, गावाला आवाज तरी ऐकू येईल.

“काकू, शेळी घरी आहे. मी लावली तं लोक आपापल्या काळ्या शेळ्या घेऊन येतीन माह्या दारी,” तो म्हणाला. हसण्यासारखं होतं. नवरा उठून आत गेला.

त्यानंतर तो ऑटोत बसला नाही. ऑटोवाला आता फोनमधल्या बाईचा आवाज लावतो. मजकूर लिहून दिला की ती वाचते. तिला दीड येत नाही, एक वाजून तीस मिनिटं म्हणते. ऑटो आमच्या गल्लीत आली की नवरा दार लावून घेतो. आधी तो दिवसाला पाटी तीनदा भरायचा, भांडायचा सुद्धा लिहून, आणि मी अक्षर अक्षर लावून वाचेपर्यंत चिडायचा. आता चहा, पाणी, दार, एवढंच लिहितो.

जाऊबाईला मी कधी सांगितलं नाही की तिच्या पेनड्राइव्हमधून रोग आला. तिला वाटलं असतं मी अजून शिवाशिवच करते. दोन वर्षांनी तीही गेली. फोनमधल्या बाईने तिची मयत सांगितली. नवऱ्याने त्या दिवशी दार लावलं नाही. पूर्ण ऐकलं आणि पाटीवर लिहिलं, नाव चुकलं. खरंच चुकलं होतं. बाईने आडनाव तोडून दोन केलं होतं.

मी विचारलं, “माह्यं तरी बरोबर घेईन काय ते बाई?”

त्याने मतदारयादी वाचताना माझं नाव दोनदा घेतलं होतं. मला वाटायचं, मी आधी गेले तर तेच वाजेल, दुसरं, न खरखरलेलं. कोणाला बोलले नव्हते. त्याने पाटी पुसली.

कॉम्प्युटर आहे. मुलीने पुन्हा डोस दिला आहे. त्याच्यात दुकानदाराची गाणी आहेत, कोणी लावत नाही, आणि आता कोणीही कोणताही पेनड्राइव्ह आणला तरी मी अडवत नाही. मी रोज त्याची धूळ पुसते, कारण ती बसते.

थोरले दीर गेले, जाऊबाई गेली. नवरा जिवंत आहे. मी जिवंत आहे.